श्वासाचा निरोप पोचवणारं यंत्र

माझी मामी रात्री सेकंद मोजते. दीड-दोनच्या सुमारास तिला जाग येते, कारण खोलीत अचानक शांतता होते. त्याआधी मामाचा श्वास हळूहळू मोठा होत गेलेला असतो, जिना चढून आल्यासारखा. मग तसाच पायरी-पायरीने उतरत बारीक होतो आणि बंद पडतो. एक, दोन, तीन... एकवीस, बावीस. तेविसाव्याला छाती हलते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. "हे घोरत असते ना, तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली. "निदान चालू आहे एवढं तरी कळलं असतं."

मामा सदाशिव पेठेतला, बँकेतून निवृत्त झालेला. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, पण हृदय पूर्वीसारखं राहिलं नाही. एको केला की कागदावर 'ईएफ ३० टक्के' येतं. म्हणजे डावा कप्पा भरल्यावर एका ठोक्यात त्यातलं साधारण ३० टक्के रक्त पुढे ढकललं जातं. धडधाकट माणसात हा आकडा ५५-६० च्या आसपास असतो.

मी फिजिओथेरपीच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरचे सगळे वैद्यकीय फॉरवर्ड शेवटी माझ्याकडे येतात. मामाने पाठवलेल्या व्हिडिओत एक गृहस्थ झोपायच्या आधी छातीशी रिमोट धरून बटण दाबतात, आणि त्यांची जीभ आपोआप थोडी पुढे सरकते. खाली लिहिलेलं: झोपेत श्वास बंद पडतो? आता मास्क नको! (मास्क म्हणजे झोपेत दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा.)

"अगं, हे बसवून टाकू का?" मामाने फोनवर विचारलं. "मास्कबिस्क काही लागत नाही म्हणतायत."

त्या व्हिडिओत खोटं काही नव्हतं. फक्त ते मामाच्या आजारासाठी नव्हतं. आणि मामाच्या आजारासाठी खरोखरच एक वेगळं यंत्र आहे, जे फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

पाइप चेपलाय की पंपच बंद आहे?

झोपेत श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. एका तासात असं किती वेळा होतं (पूर्ण बंद पडणं आणि बराच कमी होणं, दोन्ही धरून) त्याची सरासरी काढतात. तिला एएचआय म्हणतात. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. इथपर्यंत सगळ्यांना एकच नियम. पुढे रस्ते फुटतात.

सोसायटीत नळाला पाणी आलं नाही तर दोन शक्यता असतात. एक, गच्चीवरचा पंप चालू आहे पण मधे कुठेतरी पाइप चेपलाय. दोन, पाइप ठणठणीत आहे, पण पंपाचं बटणच कुणी दाबलेलं नाही. घरात बसून नळाकडे पाहिलं तर दोन्हींत फरक दिसत नाही. नळ कोरडाच.

पहिला प्रकार म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. छाती-पोट जिवाच्या आकांताने ओढत असतात, पण हवा आत शिरत नाही. घोरणारी बहुतेक मंडळी या गटातली. व्हिडिओतलं यंत्र यांच्यासाठी. 'इन्स्पायर' नावाचं हे उपकरण जिभेकडे जाणाऱ्या हायपोग्लॉसल नर्व्हला, म्हणजे मज्जातंतूला, हलका विजेचा धक्का देतं, जीभ पुढे येते आणि वाट मोकळी राहते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, त्याला २०१४ साली मान्यता दिली.

दुसरा प्रकार सेंट्रल स्लीप ॲप्निया. इथे वाट मोकळी असते, फुप्फुसं जागेवर असतात, स्नायूंतही जोर असतो. मेंदूकडून 'श्वास घे' हा निरोपच निघत नाही. मग छाती हलत नाही, पोट हलत नाही, माणूस अगदी शांत पडून असतो. मामीला जी शांतता जागं करते ती हीच. अशा माणसाची जीभ कितीही पुढे ओढली तरी काय उपयोग? पंप बंद असताना पाइप साफ केल्यासारखं आहे ते.

निरोप का निघत नाही?

श्वासाचं मुख्य काम श्वासपटल करतं, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. तो खाली ओढला गेला की हवा आत येते. त्याला हुकूम देणारी शीर म्हणजे फ्रेनिक नर्व्ह. ती मानेतून निघते (मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरच्या मज्जातंतूंपासून), छातीत उतरते, हृदयाच्या आवरणाला अगदी लगटून खाली जाते आणि श्वासपटलाला मिळते. डावी एक, उजवी एक. उचकी लागते तेव्हा याच वाटेने श्वासपटलाला अवेळी झटका बसलेला असतो. ही हृदयाशेजारून जाणारी वाट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

हुकूम सोडणारं केंद्र मेंदूच्या बुडाशी. जागेपणी त्याला कामाला लावायला बऱ्याच गोष्टी असतात: बोलणं, हालचाल, नुसतं जागं असणं. गाढ झोपेत मात्र ते जवळजवळ एकाच गोष्टीवर विसंबतं, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर. तो वाढला की श्वास वाढव, कमी झाला की कमी कर, आणि एका ठरावीक पातळीखाली गेला तर श्वास घ्यायचंच कारण नाही. बऱ्याच जणांना वाटतं की शरीर ऑक्सिजनसाठी श्वास घेतं. ऑक्सिजन बराच घसरला तर तोही ओरडतो, पण रोजचा कारभार कार्बन डायऑक्साइड पाहतो.

आता हृदय कमकुवत असलं की दोन गोष्टी बिघडतात. फुप्फुसांत रक्त आणि पाणी तुंबतं, त्याने फुप्फुसांतल्या संवेदनशील टोकांना टोचणी लागते आणि माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेत राहतो. कार्बन डायऑक्साइड त्या धोक्याच्या रेषेच्या अगदी काठावर येऊन बसतो. दुसरं म्हणजे रक्त हळू फिरतं. फुप्फुसांत काय चाललंय ही बातमी मेंदूपर्यंत आणि मानेतल्या तपासनाक्यांपर्यंत उशिरा पोचते.

हा उशीर काय घोटाळा करतो हे पुण्यात समजावणं सोपं आहे, कारण इथे निम्म्या सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर आहे. आमची इमारत चार मजली, आम्ही पहिल्यावर. सकाळी गरम पाण्याचा नळ उघडला की आधी गारच येतं. मी आणखी सोडते. अजून गार. अजून सोडते. आणि मग एकदम चटका! घाईने बंद करते, गार वाढवते, पण पाइपात असलेलं कढत पाणी अजून येतच राहतं, म्हणून आणखी गार वाढवते, आणि मिनिटाभरात कुडकुडत उभी. सोलरमध्ये दोष नाही, नळात नाही. माझ्या हाताचीही चूक नाही, तो मिळालेल्या बातमीवरच चालला होता. बातमी शिळी होती, एवढंच. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना हा त्रास नाही, त्यांचा पाइप आखूड आहे.

मामाच्या शरीरात रात्रभर हेच चालतं. कार्बन डायऑक्साइड वाढल्याची बातमी उशिरा येते, मेंदू घाबरून श्वास वाढवतो. कमी झाल्याची बातमीही उशिराच, तोवर तो रेषेच्या खाली गेलेला असतो आणि मेंदू गप्प बसतो. वर, खाली, बंद. एक चक्र साधारण पाऊण ते दीड मिनिटाचं. डब्लिनमधल्या जॉन चेन या डॉक्टरने १८१८ साली अशाच एका रुग्णाचं वर्णन लिहून ठेवलंय: श्वास पाव मिनिट पूर्ण बंद, मग हळूहळू वाढत जोराचा, मग पुन्हा उतरत बंद, सगळं मिळून सुमारे एक मिनिट. पुढे १८५४ मध्ये त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सने त्यावर लिहिलं, म्हणून या श्वासाला आजही चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. दोनशे वर्षांत वर्णनात भर घालण्यासारखं फार काही सापडलेलं नाही. मामीची मोजणी त्यात चपखल बसते.

हा प्रकार फक्त हृदयरुग्णांतच दिसतो असं नाही. पक्षाघातानंतर, मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांमुळे, हृदयाची लय अनियमित असेल तर, आणि काहींना ठळक कारणाविना होतो. धडधाकट माणसांनाही होतो, लेहला. साडेतीन हजार मीटरवर पहिल्या-दुसऱ्या रात्री तंबूतला जोडीदार श्वास थांबवून मग एकदम दचकून हवा ओढताना ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तिथे विरळ हवेमुळे श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड रेषेखाली जातो, बाकी गणित तेच.

तीन सपाट रेघा

मामाला स्लीप स्टडीसाठी, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीसाठी, पाठवताना आदल्या दिवशी फोन आला होता: डोकं धुऊन या, तेल लावू नका. मामा रोज रात्री टाळूला खोबरेल थापणारा माणूस, त्यामुळे त्याची पहिली तक्रार तीच. तिथे टाळूवर चिकट पेस्टने दहा-बारा वायरी चिकटवल्या, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, एक पट्टा छातीभोवती आणि एक पोटाभोवती. "सत्यनारायणाच्या कलशासारखा दोऱ्यांनी गुंडाळला मला," तो म्हणाला. वर तक्रार की झोपच लागली नाही. स्क्रीनवर सहा तासांची झोप नोंदलेली होती.

रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्यातली दोन मिनिटं स्क्रीनवर मोठी करून दाखवली. मला विचाराल तर अख्ख्या फाइलमध्ये बघण्यासारखं तेवढंच असतं. नाकाच्या हवेची रेघ सपाट, छातीच्या पट्ट्याची सपाट, पोटाच्या पट्ट्याची सपाट. पाइप चेपलेला असता तर नाकाची रेघ सपाट असती, पण छाती आणि पोट एकमेकांविरुद्ध झटापट करताना दिसले असते. इथे तिन्ही एकदम झोपलेल्या. मग तिन्ही एकदम उठतात, डोंगर होतो, उतरतो, पुन्हा सपाट. एएचआय ३८, त्यातले बहुतेक सेंट्रल.

घरी पोचेपर्यंत मशीन विकणाऱ्या एकाचा फोन आला. नंबर कुठून मिळाला देव जाणे. त्याचं म्हणणं, साध्या सीपॅपच्या (मास्कमधून एकसारख्या दाबाने हवा देणाऱ्या मशीनच्या) भानगडीत पडू नका, आमच्याकडे सगळ्यात हुशार मशीन आहे. प्रत्येक श्वास मोजतं, कमी पडला तर आपोआप दाब वाढवतं, सेंट्रलवर तर रामबाण.

तो एएसव्ही नावाच्या मशीनबद्दल बोलत होता. आणि इथे मला फोन मामाच्या हातातून घ्यावा लागला.

एएसव्ही खरंच हुशार आहे. मास्कमधून दाबाने हवा देतं आणि श्वासाचे डोंगर-दऱ्या सपाट करतं. म्हणून 'सर्व्ह-एचएफ' नावाच्या मोठ्या चाचणीत १३२५ हृदयरुग्णांवर ते पाहिलं गेलं. सगळ्यांचं ईएफ ४५ टक्के किंवा कमी आणि ॲप्निया मुख्यतः सेंट्रल, म्हणजे सगळे मामासारखेच. निकाल २०१५ मध्ये आला आणि झोपेच्या डॉक्टरांची झोप उडाली. मशीनने एएचआय अगदी ठरल्याप्रमाणे खाली आणला होता. पण मशीन वापरणाऱ्या गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी न होता, दुसऱ्या गटाच्या मानाने सुमारे ३४ टक्के जास्त झाले.

का, याचं एकमताने दिलेलं उत्तर नाही. छातीत सतत दाबाने हवा भरली की आधीच थकलेल्या हृदयाकडे रक्त कमी परततं, असा एक अंदाज. दुसरा जास्त विचार करायला लावणारा: हा वर-खाली होणारा श्वास कदाचित थकलेल्या शरीराने स्वतःच काढलेली पळवाट असेल, आणि आपण ती बुजवत असू. नंतर दुसऱ्या मोठ्या चाचणीत, वेगळ्या घडणीच्या एएसव्हीने मृत्यू वाढले नाहीत, पण घटलेही नाहीत.

मला त्या निकालातून एकच गोष्ट घट्ट धरून ठेवावीशी वाटते. आकडा उतरला म्हणजे माणूस सुधारला असं नाही. या खेळात नव्याने येणाऱ्या प्रत्येक यंत्राकडे मी त्याच नजरेने बघते, छातीत बसवायच्या यंत्राकडेही.

शिरेतून शीर चाळवायची

आता ते यंत्र. नाव 'रेमेडी'. अमेरिकेत मिनेसोटामधल्या रेस्पिकार्डिया कंपनीने बनवलं, एफडीएची मान्यता ऑक्टोबर २०१७ मध्ये मिळाली, प्रौढांतल्या मध्यम ते तीव्र सेंट्रल स्लीप ॲप्नियासाठी. २०२१ मध्ये ती कंपनी झॉल या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने विकत घेतली.

पेसमेकर पाहिलेल्यांना कल्पना करणं सोपं जाईल. कॉलरबोनखाली कातडीच्या आत एक छोटी धातूची डबी, त्यात बॅटरी आणि सर्किट. डबीतून निघणारी तार शिरेत, म्हणजे रक्तवाहिनीत, घालून आत नेतात. पेसमेकरची तार हृदयाच्या कप्प्यात जाऊन बसते. ही तिथे जात नाही. हृदयाच्या आवरणालगत डाव्या बाजूला एक बारीकशी रक्तवाहिनी असते, आणि तिला चिकटून फ्रेनिक नर्व्ह धावत असते. तार त्या रक्तवाहिनीत नेऊन ठेवतात. तिथे जमत नसेल तर उजवीकडच्या एका मोठ्या शिरेत. तार नर्व्हला हात लावत नाही. शेजारच्या घरात बसून भिंतीवर टकटक करावी तसं, रक्तवाहिनीच्या भिंतीतून विजेचा हलका झटका पलीकडच्या नर्व्हला पोचतो, आणि श्वासपटल खाली ओढलं जातं. एकाच बाजूचं, पण तेवढं पुरतं. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये श्वास मोजायला आणखी एक तार लागायची, नंतरच्या मॉडेलमध्ये दोन्ही कामं एकीनेच होतात.

यातली गंमत हृदयाच्या डॉक्टरांना जास्त कळेल. हृदयाचे कप्पे एका तालात आणणारा तीन तारांचा पेसमेकर बसवताना हीच फ्रेनिक नर्व्ह चुकून चाळवली जाते आणि पेशंटला ठोक्यागणिक उचकीसारखे झटके बसतात. त्यासाठी तारेची जागा बदलावी लागते, काही वेळा पुन्हा ऑपरेशन. म्हणजे वर्षानुवर्षं जिला चुकवत तार न्यायची, तिच्यापाशीच आता मुद्दाम तार न्यायची.

नर्व्हला झटके देऊन श्वास चालवण्याची कल्पनाही नवी नाही. १९६० च्या दशकात येल विद्यापीठातल्या विल्यम ग्लेन या सर्जनने मानेतून पंगू झालेल्या आणि स्वतःहून श्वास न घेऊ शकणाऱ्या रुग्णांमध्ये ती वापरली. पण त्यासाठी शस्त्रक्रिया करून इलेक्ट्रोड थेट नर्व्हवर बसवावा लागे. रक्तवाहिनीतून जाण्याने ते काम कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत), पेसमेकरच्या धर्तीवर होऊ लागलं.

बसवल्यावर लगेच चालू करत नाहीत. तार जागेवर नीट रुतावी म्हणून साधारण महिनाभर थांबतात. मग झटक्याची ताकद काही आठवड्यांत थोडी थोडी वाढवतात, श्वासपटल हलेल पण माणूस जागा होणार नाही इतपत. यंत्राला झोपेची वेळ सांगून ठेवलेली असते. त्या वेळात माणूस आडवा आहे आणि स्थिर आहे असं कळलं की ते आपणहून सुरू होतं, उठून बसलं की थांबतं. रिमोट नाही, मास्क नाही, पेशंटने विसरायलाही काही नाही. ज्या माणसाला मास्क काढून उशीखाली सारायची सवय आहे, त्याच्यासाठी हा फार मोठा फरक.

मास्कपेक्षा आणखी एक फरक आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एएसव्ही बाहेरून हवा आत ढकलतं. हे यंत्र श्वासपटल खाली ओढून हवा आत येऊ देतं, आपण घेतो तशीच. छातीत जास्तीचा दाब तयार होत नाही. संथ, नियमित ठोके देत राहिल्याने कार्बन डायऑक्साइड फार खाली जात नाही, मग फार वरही येत नाही, आणि तो झोपाळा हळूहळू थांबतो. सोलरच्या नळावरचा माझा हात कुणी तरी धरून ठेवावा आणि म्हणावं, थांब, थोडं थोडं, तसं.

उत्तम कल्पना आहे. पण कल्पना तर एएसव्हीचीही उत्तम होती. म्हणून आकडे बघू.

मुख्य चाचणीचा निकाल २०१६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अमेरिका, जर्मनी आणि पोलंडमधल्या ३१ रुग्णालयांतले १५१ रुग्ण, निम्म्याहून जास्त हृदय कमकुवत असलेले. चाचणीची रचना मला आवडते: यंत्र सगळ्यांनाच बसवायचं, पण निम्म्यांचं सहा महिने बंद ठेवायचं. १४७ जणांत ते नीट बसलं. सहा महिन्यांनी यंत्र चालू असलेल्या ६८ पैकी ३५ जणांचा एएचआय निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरला होता, म्हणजे ५१ टक्के. बंद असलेल्यांत ७३ पैकी ८ जणांचा, म्हणजे ११ टक्के. फरक ठसठशीत आहे. पण उलट बाजूने वाचा: यंत्र चालू असूनही जवळजवळ निम्म्यांना तेवढा उतार मिळाला नाही. हे वाक्य माहितीपत्रकात शोधून सापडायचं नाही.

बरं वाटण्याबद्दल विचारलं तर चालू असलेल्यांपैकी ६० टक्के म्हणाले, चांगलाच फरक आहे. बंद असलेल्यांत ६ टक्के. इथे मी थोडी हात राखून आहे, कारण आपलं यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णांना माहीत होतं. छातीत डबी बसवून घेतलेल्या आणि ती चालू असल्याचं कळलेल्या माणसाला बरं वाटणारच, थोडं तरी. स्लीप स्टडीचे आलेख वाचणाऱ्यांना मात्र कोण कुठल्या गटात हे सांगितलेलं नव्हतं, म्हणून पहिला आकडा जास्त भरवशाचा.

त्रासही झाले. वर्षभरात १५१ पैकी १३ जणांना, म्हणजे ९ टक्के, यंत्राशी किंवा ऑपरेशनशी संबंधित गंभीर अडचण आली. तार सरकणं, जागेवर जंतुसंसर्ग, अशा स्वरूपाची. ज्यांचं यंत्र चालू होतं त्यांच्यापैकी ३७ टक्के जणांना झटक्यांचा काहीतरी त्रास जाणवला, पण सेटिंग बदलल्यावर एक जण सोडून सगळ्यांचा गेला. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा एएचआय सुरुवातीच्या साधारण ४६ वरून १७ वर टिकलेला दिसला, अर्थात तोवर सगळे १५१ चाचणीत उरले नव्हते.

आता माझा घट्ट धरलेला प्रश्न: माणसं जास्त जगली का? ही चाचणी ते मोजायला आखलेलीच नव्हती. १५१ माणसांत ते कळतही नाही, सर्व्ह-एचएफला त्यासाठी १३२५ लागली होती. म्हणून अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार घेतलाय, पण 'सशर्त' या शिक्क्यासह. म्हणजे ठोकून शिफारस नाही, पेशंट बघून, बाकीचं करून झाल्यावर, खर्चाचा विचार करून ठरवा. मला हे रास्त वाटतं.

आधी काय करून झालं?

हे सगळं मी मामाला सांगितलं तेव्हा त्याने बँकेतल्या माणसाला शोभेल असे प्रश्न विचारले. छातीत आधीच पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र असेल तर? चालतं, चाचणीतल्या बऱ्याच जणांना होतं, पण दोन्ही एकमेकांचे संकेत चुकीचे वाचत नाहीत ना हे तपासून घ्यावं लागतं. एमआरआय? सुरुवातीच्या मॉडेलला चालत नसे, नंतरच्यांना अटींसह चालतो, म्हणून कोणतं मॉडेल ते आधी विचारायचं. बॅटरी? संपते, मग डबी बदलायची, पेसमेकरसारखीच. घोरण्याला उपयोग? शून्य.

"मग मी बसवू की नको?"

ते सांगणारी मी कोण. पण त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी जे केलं ते मला पटलं. त्यांनी यंत्राचं नावसुद्धा न काढता आधी औषधांची यादी मागवली. पाणी काढणारी गोळी मामा बाहेर जायचं असेल त्या दिवशी बुडवायचा, कारण लक्ष्मी रोडवर लघवीला कुठे जायचं हा प्रश्न. हृदय कमकुवत असलेल्यांना आता जी चार गटांची औषधं एकत्र देतात, त्यातली दोनच त्याला चालू होती. उरलेली हळूहळू सुरू झाली. पापड आणि लोणचं ताटातून गेलं, त्याबद्दल मामा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. आणि झोपायचं कुशीवर. सेंट्रल ॲप्निया पाठीवर जास्त होतो, कुशीवर कमी. मामीने जुन्या बंडीच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू टाकला. उताणा झाला की टोचतो.

यात कुठेही श्वासाला थेट हात लावलेला नाही. फुप्फुसांतलं पाणी कमी झालं की टोचणी कमी होते, हृदयाचा जोर वाढला की बातमी वेळेवर पोचते. पाइप आखूड करण्याचाच प्रकार. तीन महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी झाली, या वेळी तेल न लावता आणि तक्रार न करता. एएचआय १६. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने असंच चालवू, मग बघू.

परवा संध्याकाळी गेले होते. दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपणारा मामा चक्क शब्दकोडं सोडवत बसला होता. मामी चहा ओतता ओतता हळूच म्हणाली, "अजून जाग येतेच गं मला. सवय झालीय." मग थोडं थांबून, "पण काल दोनदा मोजलं, दोन्ही वेळा नवावर आले परत. दहाच्या आतलं धरत नाहीत ना?"